मेणावरचा अंगठा

दिवाळीच्या महिनाभर आधी एका संध्याकाळी सिंगापुरात क्वीन्सटाउनला आमच्या ब्लॉकच्या मागे रानडुक्कर आलं. जुन्या रेल्वेमार्गाची आता हिरवी पायवाट झाली आहे, तिच्या कडेकडेने ते निवांत चालत आलं, कचऱ्याच्या मोठ्या डब्यापाशी थांबलं, आणि डबा बंद आहे म्हटल्यावर गवत उकरायला लागलं. ऑफिसमधून परतणारी माणसं जागच्या जागी थबकली. कुणी ओरडलं नाही की दगड उचलला नाही, सगळ्यांनी फोन तेवढे वर केले. माझी मुलगी इरा माझा दंड धरून म्हणाली, "आई, डोन्ट रन ला. जस्ट स्टँड. अँड नो फ्लॅश." मी पळणार नव्हतेच. त्याच्या मानेवरच्या ताठ केसांकडे बघत मी मनात म्हणत होते, भात तयार झालेलं दिसतंय.

सिंगापुरात भात तयार होत नाही. इथे तांदूळ सुपरमार्केटच्या पिशवीत येतो आणि बारा महिने सारखाच असतो. हवाही तशीच. सप्टेंबर-ऑक्टोबरात कधी समुद्रापलीकडच्या जंगलांचा धूर येऊन आभाळ मळकट होतं, लोक मास्क लावतात, एवढाच काय तो फरक. दिवाळीला लिटिल इंडियात दिव्यांच्या कमानी लागतात, पण फटाक्यांना बंदी आहे, त्यामुळे जळक्या दारूचा वास नसलेली दिवाळी करायची इतकी सवय झालीय की मी तो वास विसरले असंच समजत होते. डुकराने गवताचा एक गड्डा मातीसकट उपटला आणि तो वास आला. खरा नाही, आठवणीतला. कुजक्या अंड्यासारखा, तरी हवासा वाटणारा.

त्याच आठवड्यात सुधीरचा फोन आला. सुधीर माझा धाकटा भाऊ, राजापूरच्या वरच्या अंगाला आमचं गाव, तिथे तो, त्याची बायको स्वाती आणि आमचे वडील राहतात. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. अप्पांनी ऐंशी कधीच ओलांडली. त्यांच्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी बंदूक होती. तिच्यासाठी पितळी काडतुसं ते घरीच भरायचे, वाजवायचे, घासायचे आणि पुन्हा भरायचे.

"परवाना काही पुढे वाढवून देत नाहीत ताई," सुधीर म्हणाला. "डॉक्टरच सर्टिफिकेट देईना. बंदूक कालच पोलीस ठाण्यात जमा केली."

"अप्पा काही बोलले?"

"एक शब्द नाही. स्वतः पुसली, तेल लावलं, गाडीत ठेवली. मला वाटलं सुटलो. पण एक काडतूस देत नाहीयेत."

"रिकामं असेल. राहू दे की."

"रिकामं असतं तर तुला फोन कशाला केला असता? भरलेलं आहे. परवाना गेला, आता घरात भरलेलं काडतूस म्हणजे गुन्हा. आणि आत मला टाकतील, अप्पांना नाही. दिवाळीपर्यंत आणून द्या नाहीतर उतरवून रिकामं करा, असं साहेबांनी बजावलंय. तूच समजाव आता."

"माझं कधीपासून ऐकायला लागले ते?"

"ते काडतूस तू भरलेलं आहे म्हणतात. मेणावर तुझा अंगठा आहे."

मी फोन डाव्या हातात घेतला आणि उजव्या अंगठ्याकडे बघितलं. 

तो आश्विन माझ्या लग्नाच्या आधीचा. लग्न कार्तिकात ठरलं होतं, मुलगा बोटीवर इंजिनियर होता, सिंगापूरहून त्याच्या बोटी सुटायच्या. माझं शिक्षण संपलं होतं, नोकरी लागली नव्हती, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूकडे मी पाहुण्यासारखी बघायला लागले होते. सुधीर कोल्हापूरला हॉस्टेलवर होता. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कापणी झाल्याशिवाय ऑपरेशन नाही असं त्यांनी जाहीर केलं होतं, आणि अप्पांनी जाहीर केलेल्या गोष्टींवर आमच्याकडे चर्चा होत नसे.

ओढ्याकाठच्या मळ्यातून वर्षाचा तांदूळ घरात यायचा. भाताच्या लोंब्या दुधात आल्या की डुकरांना कसं कळतं देव जाणे. कळप एकदा आत शिरला की खातो थोडं आणि लोळतो फार, सकाळी जाऊन बघावं तर कुणी गाद्या घातल्यासारखं भात आडवं झालेलं असायचं. अप्पा ती हाकलायला बार काढायचे. त्या वर्षी काडतुसांत छरे नव्हतेच. डुक्कर मारायला डोळे लागतात, हाकलायला आवाज पुरतो, असं ते म्हणायचे. काडतूस भरायलाही डोळे लागतात हे कबूल करणं मात्र त्यांनी शेवटपर्यंत लांबणीवर टाकलं होतं.

काडतुसं भरायचा दिवस म्हणजे आईच्या मते घरावरचं सुतक. त्या दिवशी चूल पेटायची नाही. देवापुढचं निरांजनसुद्धा आदल्या संध्याकाळीच काय ते. जेवायला दहीपोहे. चहा बंद. आईला चहा नसला की तिचं डोकं धरायचं, आणि तिचं डोकं धरलं की आमचीही धरायची. पडवीत ऊन येईल तिथे अप्पा हातमागाची सतरंजी अंथरायचे. सतरंजीवर लोखंड येता कामा नये, ठिणगीचं भय. माझ्या केसांतल्या पिनासुद्धा काढायला लावल्या. मेण वितळवायला विस्तव चालत नाही म्हणून पितळेच्या वाटीत मधाच्या पोळ्याचं मेण घालून वाटी उन्हात ठेवायची. आश्विनातलं ऊन त्याला बरोबर पुरायचं. श्रावणात मेण मऊ होत नाही, वैशाखात पाणी होतं. आमच्या घरात ऑक्टोबरचा उकाडा कुणी शिव्या न देता स्वीकारला असेल तर तो या वाटीमुळे.

पितळ घासणं आईकडे होतं. दसऱ्याच्या आधी देवाची भांडी आणि काडतुसं एकाच घमेल्यात, चिंच आणि राख लावून. "देवाच्या घंटेशेजारी हे काय ते ठेवता," ती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी काडतुसं घंटेपेक्षा लखलखीत घासून द्यायची. मग दारू, तिच्यावर पुठ्ठ्याच्या चकत्या, सागाच्या दांड्याने ठासणं, वर मेण. चकत्या लग्नपत्रिकांतून कापायच्या. गावातली सगळी लग्नं जाड पुठ्ठ्यावर छापली जायची आणि दोन वर्षांत आमच्या काडतुसांत जायची. पण गणपती कापायचा नाही, ही आईची अट. त्यामुळे पत्रिका कापून झाल्या की गणपतींचा एक वेगळा ढीग उरायचा, आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसल्याने तो बिस्किटांच्या डब्यात जाऊन बसायचा.

मेण लावून झालं की ते थिजायच्या आत अप्पा त्यावर उजवा अंगठा दाबायचे. त्यांच्या अंगठ्यावर विळ्याची जुनी आडवी खूण होती. ती मेणावर उमटायची. हे काडतूस कुणी भरलं, हे त्यावरून कळायचं. आमच्या घरातच नाही, त्या भागातल्या दोन-चार बंदूकवाल्यांतही हाच रिवाज होता. ज्याने भरलं त्यानेच वाजवायचं. नाही वाजवलं तर त्यानेच उतरवायचं, म्हणजे उघडून दारू काढायची. दुसऱ्याच्या हातचा बार आपल्या गालाशी धरायचा नाही आणि आपला दुसऱ्याला द्यायचा नाही. नळीच्या तोंडाशी डुक्कर असतं, पण दुसऱ्या टोकाला आपलं तोंड असतं, एवढं साधं कारण.

मी आता इथे अलेक्झांड्राजवळच्या एका ऑफिसात बँकेची कामं तपासते. आमच्याकडे बरोबर उलटा नियम आहे. ज्याने एंट्री केली त्याने ती मंजूर करायची नाही. करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. नव्याने आलेल्या मुलांना मी हा नियम शिकवते तेव्हा त्यांना तो पटतो, मलाही पटतो, त्यामागे कितीतरी लोकांचे अनुभव आहेत. तरीही शिकवताना दर वेळी माझ्या डोळ्यांपुढे ती सतरंजी येते. आमच्या पद्धतीत चूक झाली की ईमेल येते. अप्पांच्या पद्धतीत ईमेल यायला कुणी उरलं नसतं.

तर त्या वर्षी सतरंजी अंथरली, मेण मऊ झालं, आणि अप्पांनी माप दारूत बुडवून डोळ्यांसमोर धरलं. मग उन्हाकडे धरलं. मग परत डब्यात ओतलं. असं दोनदा झालं. माप भरलंय की नाही, हे त्यांना दिसत नव्हतं. आई दारात उभी होती, ती बोलली नाही. आई बोलली नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं. अप्पांनी माप माझ्याकडे केलं आणि म्हणाले, "भर गो तू."

मी भरली. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी बसवायचं काम त्यांनी मला दिलं नाही, ते त्यांनी बोटांनी चाचपून आधीच केलं होतं. बाकी सगळं माझ्या हातचं. ठासताना ते कान देऊन ऐकत होते. "अजून," म्हणायचे. "अजून. हां." शेवटी मेण. मी त्यांचा हात धरून अंगठा मेणावर ठेवायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला.

"तू भरलंयस ना? मग तुझा लाव."

"पण वाजवणार तुम्ही."

"ते बघू."

ते बघणं म्हणजे काय, हे दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्याच्या बांधावर कळलं. रिवाजाप्रमाणे पहिला बार मीच काढायचा होता. आई मागोमाग धावत आली. "अहो, लग्नाला महिना आहे! उभ्या मुलीच्या गालाला बंदूक लावताय? काही झालं तर त्या लोकांना काय सांगू?" अप्पा म्हणाले, "सांग, मुलीने भरलेलं काडतूस मुलीने वाजवलं." परवान्यात माझं नाव नव्हतं, पण त्या बांधावर ही अडचण कुणाला सुचली नाही. अप्पांनी दस्ता माझ्या खांद्यात घट्ट बसवला, नळी आभाळाकडे केली आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले. मला भीती वाटली, खूप वाटली. भीती बंदुकीची नव्हती. आदल्या दिवशी ठासताना मी मनात लग्नाच्या साड्यांचा विचार करत होते, त्याची होती.

आवाज आधी खांद्यात झाला आणि मग कानात. पांढऱ्या धुराचा एक मोठा गोळा समोर उभा राहिला आणि वारा नसल्याने तिथेच राहिला. पलीकडच्या रानातून वानरं ओरडत सुटली. तो वास आला. धुरातून अप्पा माझ्याजवळ आले, माझे गाल दोन्ही हातांनी चाचपले, एकदा उजवा, एकदा डावा, आणि म्हणाले, "आता बाकीचे माझे."

त्यानंतर महिनाभर त्यांनी माझ्या हातचे बार वाजवले. आयुष्यात पहिले आणि शेवटचे, दुसऱ्याच्या हातचे. एक काडतूस तेवढं वाजवायचं राहिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. घरातून आवाज ऐकू यायचा आणि मी जागच्या जागी थांबायचे, हातातलं काम हातात तसंच. मग अप्पांची शीळ यायची आणि काम पुढे चालू व्हायचं. खांद्यावरचा निळा डाग हळदीच्या दिवसापर्यंत पुरला. हळद लावणाऱ्या मावशीने विचारलं, हे काय गं, तर आईने पदर वर ओढून विषय बदलला.

लग्न झालं आणि मी इथे आले. पहिली वर्षं तोआ पायोहला भाड्याच्या फ्लॅटमध्ये, नवरा बोटीवर, मी आणि खिडकी. पीआर म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली तेव्हा माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि तो माझ्या आयसीच्या, म्हणजे ओळखपत्राच्या, पाठीमागे छापून आला. निळ्या कार्डावर काळा अंगठा. काउंटरवरच्या बाईला मी हसले तर तिला कळेना का. माझा अंगठा कुणीतरी जपून ठेवण्यालायक मानण्याची ही दुसरी वेळ होती.

गावी मी जात नव्हते असं नाही. लग्नकार्याला गेले, आईच्या आजारपणात गेले, आई गेली तेव्हा पोहोचले. पण ते जाणं म्हणजे मुंबईला उतरायचं, दोन रात्री गावात, परतीचं विमान. अप्पांनी कधी "ये" म्हटलं नाही. "इथे सगळं ठीक आहे, तू धावपळ नको करू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते बरं पडत असे. माणूस तसं म्हणतो म्हणजे त्याला तसंच वाटतं, असं धरून चालणं फार सोयीचं असतं.

सुधीरच्या फोननंतर मी व्हिडिओ लावला. पडद्यावर अप्पांचा एक कान आणि मागचं कौल दिसत होतं.

"अप्पा, ते काडतूस सुधीरला देऊन टाका."

"कुणाचं?"

"माझं."

"मग तू उतरव. दुसऱ्याचा बार मी उतरवत नाही, तुला ठाऊक आहे."

"मी सिंगापूरला आहे अप्पा."

"तेही मला ठाऊक आहे गो."

 कान तसाच दिसत राहिला. मला आधी राग आला. एका काडतुसासाठी सुधीरला अडचणीत घालायचं, हा कसला हट्ट. मग मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं पाणी ठेवलं, आणि गॅसची कळ फिरवता फिरवता समजलं, की इतक्या वर्षांत या माणसाने मला पहिल्यांदा बोलावलं आहे. मी ओट्याला टेकून रडले. इराने आत डोकावून विचारलं, "आई, यू ओके?" मी म्हटलं, तिकीट बघ.

ऑफिसात रजा मागितली तर शेजारची मेलिंग म्हणाली, "वा, वेडिंग आह?" मी म्हटलं, नाही, वडिलांचं एक काम राहिलंय.

दिवाळीच्या आधी दोन दिवस मी गावात पोहोचले. सकाळी पडवीत सतरंजी अंथरलेली होती. स्वाती म्हणाली, "गॅस सिलिंडरवरूनच बंद केलाय हो ताई. दहीपोहे करून ठेवलेत." तिला हे कुणी शिकवलं असेल, असा विचार मनात आला. आईनेच, दुसरं कोण. पितळेची वाटी उन्हात होती, तिच्यात मेण. तेव्हा मला ते मेण कशासाठी हे विचारायचं सुचलं नाही.

अप्पांनी काडतूस माझ्या हातात ठेवलं. पितळ काळवंडलं होतं, कुणी चिंच लावली नव्हती. मेणाला वरून खालपर्यंत बारीक चीर गेली होती, तरी ठसा होता. लहान, सरळ रेघांचा, विळ्याची खूण नसलेला. मी माझा अंगठा त्याच्यावर धरून बघितला. आता तो रुंद झालाय आणि रेघा झिजल्यात. मध्यंतरी आयसी नवी करायला गेले तर मशीन तो वाचेना, बाईने तीनदा पुसायला लावला.

झाडूतल्या हिराच्या काडीने मी मेण काढलं. खालची चकती निघाली, तिच्यावर कुणाच्या तरी पत्रिकेतला 'गोरज' एवढाच शब्द लाल अक्षरात. तिच्याखाली दारू नव्हती. काळा, ओलसर, घट्ट गोळा होता. काडीने तो टोकरून पाण्याच्या बादलीत पाडला. उरलेली टोपी अप्पांनीच काढली, ते काम त्यांनी याही वेळी मला दिलं नाही.

"सादळलंय," मी म्हटलं.

"दुसऱ्याच पावसाळ्यात सादळलं," अप्पा म्हणाले. "चीर गेली तेव्हाच."

सुधीर ताडकन उभा राहिला. "म्हणजे हे वाजलंच नसतं? आणि महिनाभर माझा जीव टांगणीला? मग एवढं रामायण कशासाठी केलंत?"

अप्पा त्याला बादलीतलं पाणी केळीच्या आळ्यात ओत म्हणाले, केळीला बरं असतं. सुधीर पुटपुटत गेला. तो परत आला तेव्हा त्यांनी त्याला नव्या भातातलं मूठभर आणायला सांगितलं. रिकामं पितळ त्यांनी धोतराच्या सोग्याने आतून पुसलं आणि मला दिलं.

"भर."

"अप्पा, भात?"

"भर गो."

मी भरलं. ओढ्याकाठच्या मळ्यातलं, टरफलासकट. अप्पा कान देऊन ऐकत होते. "अजून. अजून. हां." स्वातीने बिस्किटांचा डबा आणला, त्यातून गणपती चुकवून एक चकती कापली. वाटीतलं मेण बरोबर मऊ झालं होतं. मी ते वर पसरलं आणि सांगायची वाट न बघता अंगठा दाबला.

उमटला की नाही मला कळेना. अप्पांना तर आता काही दिसतच नाही फारसं. त्यांनी काडतूस घेतलं, मेणावरून बोट फिरवलं, हळूच, दोनदा. मग कानाशी नेऊन हलवलं.

"आता हे कोण उघडायचं?" सुधीरने विचारलं. त्याचा राग अजून गेला नव्हता.

"जिने भरलं ती," अप्पा म्हणाले. "पुढल्या भाताला." आणि त्यांनी स्वातीला गॅस पेटवून चहा ठेवायला सांगितलं.